योसेफाचा प्याला : सोबत्यांच्या नकळत घेतलेली परीक्षा

शास्त्रवाचन : उत्पत्ती ४२ ते ४५ व ५०:१५-२१, लूक १०:२५-३७ व २०:२०-२६

जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅटसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातील चाळीस तरुण प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरीचे, म्हणजे बहुतेक पुढे पाळकपणाच्या सेवेत जाणारे, विद्यार्थी होते. शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटे भाषण ध्वनिमुद्रित करायचे आहे, एवढेच त्यांना सांगण्यात आले. काहींना भाषणासाठी चांगल्या शोमरोन्याचा दाखला दिला होता, तर काहींना सेमिनरीच्या विद्यार्थ्यांस योग्य अशा नोकऱ्यांचा विषय. निघताना कोणाला वेळ भरपूर आहे असे सांगितले, कोणाला उशीर झाला आहे असे बजावले. वाटेतील बोळात एक मनुष्य दारापाशी मान टाकून, डोळे मिटून बसलेला होता. विद्यार्थी जवळून जाऊ लागला की तो खोकत असे, कण्हत असे. तो आजारी नव्हता. संशोधकांनीच त्याला तेथे बसवले होते.

चाळिसांपैकी सोळा जणांनी काही ना काही साहाय्य केले. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी शेकडा ६३, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ आणि उशीर झाल्याचे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी अवघे १०. मनात शोमरोन्याचा दाखला घोळत होता की नोकरीचा विचार, याने लक्षात घ्यावा असा फरक पडला नाही.

हा प्रयोग उपदेशांतून पुष्कळदा सांगितला जातो आणि ऐकणाऱ्यांना तो मनापासून पटतो. परंतु जे चोवीस जण पुढे निघून गेले, त्यांचा विचार सहसा कोणी करीत नाही. एका साध्या अभ्यासात भाग घ्यावयाचा म्हणून ते आले होते. परत जाताना स्वतःविषयीचे असे एक सत्य त्यांच्या पदरी पडले होते, जे त्यांनी मागितले नव्हते आणि जे आता परत करता येण्याजोगे नव्हते. त्यांची अनुमती आधी घेतली असती तर प्रयोगच उरला नसता. खरी अडचण येथेच आहे. कळले तर साधत नाही, आणि न कळता केले तर ज्याच्यावर केले त्याचा मान राहत नाही.

आज असल्या उद्योगासाठी विद्यापीठाची प्रयोगशाळा लागत नाही. खिशात मोबाईल आणि मनात कुतूहल असले की पुरे. महाविद्यालयातील प्रकल्प म्हणून, गंमत म्हणून किंवा समाजसुधारणेच्या उत्साहाने विद्यार्थी आपल्याच सोबत्यांवर गुप्त प्रयोग करतात आणि त्याला 'सोशल एक्सपेरिमेंट' असे भारदस्त नाव देतात. लखनौच्या पूर्वेस फैजाबादच्या मार्गावर चिनहट नावाची वस्ती आहे. एकेकाळी ती मातीच्या भांड्यांसाठी ओळखली जाई. आता लखनौ शहराने तिला पोटात घेतले आहे आणि आसपास महाविद्यालये व वसतिगृहे उभी राहिली आहेत. तेथे शिकणाऱ्या काही मराठी ख्रिस्ती तरुणांनी मजकडे एक प्रश्न पाठवला. त्यांच्यातील एकाने नव्या वसतिगृहात आपली जात खोटी सांगायची, इतरांनी महिनाभर सोबत्यांचे वर्तन टिपायचे (ताट कोण दूर सरकवतो, पाण्याच्या भांड्याला कोण हात लावू देत नाही) आणि शेवटी त्यावर प्रकल्प लिहायचा, असा त्यांचा बेत आहे. हेतू उघडच चांगला आहे. हे असत्य ठरेल काय, असे त्यांनी विचारले आहे. मला वाटते, प्रश्न असत्यापुरता नाही. त्याहून मोठा आहे.

तो कसा, हे समजण्यास त्याच प्रांतातील एक उदाहरण पुरेसे आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग २००४ व २००६ साली प्रसिद्ध झाला. मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली आणि सुटलेल्या कोड्यांप्रमाणे पैसे दिले. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा उच्चवर्णीय आणि दलित मुलांच्या कामगिरीत अंतर पडले नाही. सर्वांसमक्ष नाव आणि जात वाचून दाखवताच दलित मुले मागे पडली. येथे कोणी खोटे बोलले नव्हते. वाचले गेले ते सर्व खरेच होते. तरीही ज्या मुलांसमोर ते वाचले गेले, त्यांच्या हातातील पेन्सिल मंदावली. तेव्हा खोटे टाळले की प्रयोग निर्दोष झाला, असे नाही. कोणाच्या जिवावर आपण शिकतो, हेही पाहावे लागते.

आता शास्त्राकडे वळू. सोबत्यांच्या नकळत त्यांची परीक्षा घेणारा सर्वांत प्रसिद्ध मनुष्य योसेफ होय. उत्पत्ती ४२:७ मध्ये मूळ इब्री भाषेत दोन क्रियापदे एकमेकांस लागून आली आहेत, वय्यक्किरेम आणि वय्यित्नक्केर. दोन्ही एकाच धातूपासून झालेली. पहिल्याचा अर्थ, त्याने त्यांना ओळखले. दुसऱ्याचा अर्थ, तो त्यांच्याशी अनोळखी झाला. अनुवादकाच्या वाट्याला असा योग क्वचित येतो की इब्रीतील शब्दखेळ आपल्या भाषेत जसाच्या तसा बसावा. मराठीत ओळख आणि अनोळखी हे शब्द तयारच आहेत. पुढचेच वचन हीच गोष्ट पुन्हा सांगते : योसेफाने भावांना ओळखले, भावांनी त्याला ओळखले नाही. गुप्त प्रयोगाचे सारे वर्म या असमानतेत आहे. एकाला दोन्ही बाजू दिसतात, दुसऱ्याला एकही नीट दिसत नाही.

मग योसेफ त्यांच्यावर आरोप ठेवतो की तुम्ही हेर आहात. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात येथे 'कातास्कोपोस' हा शब्द आहे. वाचकाला कळते की त्या दालनात खरा हेर एकच आहे आणि तो आसनावर बसलेला आहे. दोघांमध्ये दुभाषी ठेवलेला असल्यामुळे (४२:२३) या मिसरी अधिकाऱ्याला आपली भाषा समजत नाही अशी भावांची समजूत होते. ते त्याच्यासमोरच एकमेकांशी बोलतात आणि वीस वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या विनवण्या आपण कानाआड केल्या, हे पाप ओठांवर आणतात. ही कबुली योसेफाला उद्देशून नव्हती. ती त्याच्या कानी पडली ती दुभाष्याच्या पडद्यामुळे. तो बाजूला जाऊन रडतो, आणि परत येऊन शिमोनाला त्यांच्या डोळ्यांदेखत बांधतो. रडणे आणि बांधणे एकाच वचनात आहे. चोरून ऐकणाऱ्याचे मन कठोरच असते असे नाही; पण मन हेलावले म्हणून त्याचा हात थांबतोच असेही नाही.

चांदीच्या प्याल्याची कसोटी तर फारच विचारपूर्वक मांडलेली आहे. दोथानात जे घडले तेच पुन्हा उभे केले आहे. बापाचा लाडका मुलगा संकटात, आणि बाकीच्यांना त्याला टाकून सुखरूप घरी जाण्याची मोकळीक (४४:१७). या वेळी यहूदा पुढे होतो आणि बन्यामिनाच्या जागी स्वतःला देऊ करतो. आजच्या भाषेत बोलायचे तर प्रयोग यशस्वी झाला. भाऊ बदलले होते हे सिद्ध झाले. परंतु खर्च कोणी सोसला? भावांचे धान्य संपून ते परत येईपर्यंत शिमोन कैदेत राहिला. आणि दूर कनानात म्हातारा याकोब, ज्याचा या परीक्षेशी काही संबंध नव्हता, एक मुलगा गेला, दुसरा गेला, आता तिसराही नेता, असा आक्रोश करीत राहिला (४२:३६). प्रयोगाचा हिशेब मांडताना याकोबाचे नाव कोणी लिहीत नाही.

योसेफाने केले ते योग्य की अयोग्य, हे शास्त्र येथे सांगत नाही; कथा सांगून मोकळे होते. काही भाष्यकार त्याचे पूर्ण समर्थन करतात. माझे मत असे की त्याला या बाबतीत एक अधिकार होता, जो वसतिगृहातील विद्यार्थ्याला नाही. भावांनी त्याच्याशी अपराध केला होता, आणि त्यांचे मन आज काय आहे हे जाणून घेण्याचा हक्क त्या अपराधातूनच आला होता. शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मुलाने आपला कोणता अपराध केला आहे? तो कदाचित करील, एवढ्या शंकेवर त्याच्यासाठी सापळा लावणे म्हणजे न्याय नव्हे.

मात्र योसेफाची एक गोष्ट अवश्य घेण्यासारखी आहे. स्वतःची ओळख देण्यापूर्वी त्याने सर्व मिसऱ्यांना बाहेर घालवले (४५:१). भावांची लाज परक्यांपुढे उघडी पडू दिली नाही. जे तरुण रस्त्यावर कोणाची गंमत करून त्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरतात आणि शेवटी हसून, ही तर परीक्षा होती, असे सांगतात, त्यांनी हे एक वचन तरी वाचावे.

नव्या करारात 'कातास्कोपोस'चे क्रियारूप गलतीकरांस पत्र २:४ मध्ये येते. चोरून आत घेतलेले खोटे बंधू मंडळीच्या मोकळेपणावर हेरगिरी करण्यास आले, असे पौल लिहितो. लूक २०:२० मध्ये प्रभू येशूकडे पाठवलेली माणसे नीतिमान असल्याचे सोंग करतात. तेथील ग्रीक क्रियापद नाटकातील नटाचे आहे आणि त्यातूनच ढोंगी हा अर्थ आला. आणि ज्या शोमरोन्याच्या दाखल्यावर प्रिन्स्टनचा प्रयोग बेतलेला होता, तो दाखला सांगितला गेला कोणाला? जो शास्त्री प्रभूची परीक्षा पाहण्यास उभा राहिला त्याला (लूक १०:२५). परीक्षा पाहण्यास आलेल्याला प्रभूने उलट सापळा लावला नाही. उघड प्रश्न विचारला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अभ्यास एकांगी होईल. योहान ६:६ मध्ये प्रभूनेही फिलिप्पाची परीक्षा पाहिली असे स्पष्ट लिहिले आहे आणि तेथील क्रियापद मोहात पाडण्यासाठी वापरले जाते तेच आहे. पण फिलिप्पाला ठाऊक होते की प्रश्न आपला गुरू विचारीत आहे, आणि उत्तर चुकले तरी त्याला उपाशी पाठवले जाणार नव्हते. नाथान संदेष्ट्यानेही दाविदाला न कळू देता त्याच्याकडून निवाडा काढून घेतला (२ शमुवेल १२). ते झाकण काही क्षणांचे होते, समोर राजा होता आणि मान धोक्यात होती ती नाथानाची.

नाथानाचा हा दाखला आपणास एका मराठी माणसाच्या कामापर्यंत आणतो. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, फरक नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश आढळली. उमेदवार खोटे होते, म्हणून हाही पाप ठरवावा काय? मला तसे म्हणवत नाही. परीक्षा झाली ती लोकांना नोकरी देण्याचा जाहीर व्यवहार करणाऱ्यांची. कोणाच्या मैत्रीचा, शेजाराचा, प्रार्थनेचा उपयोग करून घेतला नाही. एका कंपनीला वा व्यक्तीला चव्हाट्यावर आणणे हा उद्देश नव्हता. आणि ज्यांचे रोज नुकसान होत होते त्यांना दुसऱ्या मार्गाने पुरावा मिळाला नसता. सामर्थ्यवानाच्या दाराची परीक्षा वेगळी आणि सोबत्याच्या विश्वासाची वेगळी.

सोबत्याच्या विश्वासाचे उदाहरण हवे असेल तर केविन रूस याचे घ्यावे. अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठातील हा विद्यार्थी २००७ साली एका सत्रापुरता व्हर्जिनियातील लिबर्टी विद्यापीठात दाखल झाला. हे विद्यापीठ जेरी फॉलवेल या प्रसिद्ध पाळकाने स्थापलेले. आपण त्यांच्यासारखेच विश्वासी आहोत असे भासवून तो वसतिगृहात राहिला, मंडळीच्या गायनवृंदात गायला, मुलांबरोबर प्रार्थना केली, आणि २००९ साली त्याचे पुस्तक आले. पुस्तक आकसाने लिहिलेले नाही. तेथील मुलांविषयी त्याच्या मनात आपुलकीच निर्माण झाली. पुढे त्याने परत जाऊन मित्रांना खरे सांगितले आणि बहुतेकांनी क्षमा केली. आपण विश्वासी लोक हे वाचून त्या मुलांच्या बाजूने चटकन उभे राहतो. मग आपल्याच तरुणांनी दुसऱ्या धर्माच्या वसतिगृहात तेच केले तर? मत्तय ७:१२ चा नियम येथे दोन्ही दिशांनी लागतो. आणि नंतर क्षमा मिळाली, म्हणून आधी अनुमती होती असे होत नाही.

आता चिनहटच्या बेतातील सर्वांत नाजूक भाग, खोट्या जातीचा. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यास नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक आले आणि त्यांना जाब विचारून बाहेर काढले. त्यानंतर त्यांनी ज्या दोन मित्रांकडे आसरा मागितला, त्यांपैकी एक ख्रिस्ती होता. पत्नीशी बोलून सांगतो, असे तो म्हणाला. हे कुटुंब मूळचे ब्राह्मण. नवऱ्याचे विचार बदलले होते, बायकोचे सोवळे सुटले नव्हते. आंबेडकर काय ते समजले आणि सार्वजनिक बागेत गाडीची वेळ होईपर्यंत थांबून मुंबईस परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत हे नोंदलेले आहे आणि आपल्या मंडळ्यांत ते वाचले गेले पाहिजे.

ते लपणे प्रयोग नव्हते. छपरासाठी लपावे लागले होते. आजही वसतिगृहात कोणी भीतीने आडनाव सांगत नसेल तर त्याला खोटारडा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण ज्याला महिन्याच्या शेवटी ते नाव अंगरख्यासारखे काढून ठेवता येते, त्याने ते घालून फिरणे ही निराळी गोष्ट आहे. शेजारच्या खोलीत खरोखरच त्या जातीचा मुलगा असेल तर? ताट दूर सरकवल्याचे दृश्य त्यालाही दिसेल, आणि प्रयोग संपल्यावर त्याची सुटका होणार नाही. शिवाय मराठी मंडळ्यांतही, आपले मूळ गाव कोणते, जुने आडनाव काय, असे जे प्रेमाने विचारले जाते ते कशासाठी, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परीक्षेची हौसच असेल तर आधी तेथे पाहावे. त्यासाठी वेषांतराची गरज नाही.

व्यवहाराची गोष्टही पाहू. ३० जून १८५७ रोजी सर हेन्री लॉरेन्स शत्रूच्या बळाविषयीच्या चुकीच्या वार्तेवर विसंबून याच चिनहटपर्यंत आला आणि पराभूत होऊन लखनौला परतला. गुप्त वार्ता म्हणजे खरी वार्ता, असे समीकरण नाही. ताट सरकवणारा मुलगा जातीमुळे सरकवतो की त्या दिवशी त्याचे पोट बिघडले होते? प्रयोग करणारा त्याला विचारू शकत नाही, कारण विचारले तर सोंग उघडे पडेल. म्हणजे लपल्यामुळे जे कळते त्यापेक्षा लपल्यामुळे जे विचारता येत नाही तेच अधिक होते.

प्रयोग संपल्यावर सर्व सांगून टाकले की झाले, असे तरुणांचे म्हणणे असते. या उत्तराला आधार आहे. येल विद्यापीठात स्टॅन्ली मिल्ग्रॅम याने १९६१ पासून केलेल्या प्रयोगांत लोकांना, आपण दुसऱ्याला विजेचे झटके देत आहोत, असे भासवले होते. पुढे विचारले असता त्यांच्यापैकी शेकडा ८४ जणांनी भाग घेतल्याचा आनंदच आहे असे कळवले. तरी डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ सालीच त्या प्रयोगावर आक्षेप घेतला, आणि पुढील काळात नियम कडक झाले ते अशाच आक्षेपांमुळे. उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायातही हेच दिसते. योसेफाने भावांना सर्व सांगितले होते, गळ्यात पडून रडला होता, गोशेनात वतन दिले होते. याकोब मिसरात सतरा वर्षे जगला. तो वारताच भावांच्या मनात पहिला विचार आला तो हा की योसेफ आता सूड घेईल (५०:१५). सतरा वर्षांचे प्रेम त्यांना आणखी एक परीक्षाच वाटत होते. त्यांचा निरोप ऐकून योसेफ रडला. ज्याने एकदा प्याला गोणीत लपवला, त्याने दिलेल्या भाकरीकडेही लोक संशयाने पाहतात.

आपल्या देशात याविषयी मार्गदर्शन नाही असे नाही. मुंबईच्या 'सेहत' या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक तत्त्वे २००० साली प्रसिद्ध झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांनुसारही माहिती दडवून संशोधन करणे हा अपवाद आहे आणि त्यास नीतिसमितीची संमती लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम २००९ चे आहेत. सोबत्याला मानसिक त्रास वा लाज वाटेल असे वर्तन त्यांत येते, मग त्याला प्रकल्प म्हणा की गंमत.

तेव्हा या तरुणांना माझे सांगणे असे. खोटी जात घेऊ नये. वसतिगृहातील मुलांना उघड सांगावे की जेवण, पाणी आणि शेजार यांविषयी आम्ही अभ्यास करीत आहोत. काय शोधतो आहोत याचा काही भाग शेवटीच सांगू. हे चालेल त्याने नाव द्यावे. थोडे दडवणे आहेच, पण दडवलेले आहे हे त्यांना ठाऊक असेल. प्राध्यापकांची लेखी संमती घ्यावी. प्रकल्पात नावे गाळली तरी एका मजल्यावरील वीस मुलांत कोण कोणते ते ओळखू येतेच, म्हणून लिहिलेले आधी ज्याचे त्याला वाचायला द्यावे, आणि एखाद्याने माझे बोलणे काढून टाका असे म्हटले तर ते विनातक्रार काढावे. असे केल्याने अर्धा प्रकल्प हातचा जाऊ शकतो. विषय नोंदवण्यापूर्वीच तेवढा हिशेब करून ठेवावा.